चौतीस दाणे

पोरगी म्हणाली, "आप्पा, दिवसभर भिंतीशी बोलताय. त्यापरीस वहीत लिहा." वही तिनंच आणून ठेवली आणि नगरला आपल्या घरी निघून गेली. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पण तिची आई जाऊन आता आठ महिने झाले आणि एक गोष्ट आत अडकून बसलीय, ती भिंतीला सांगून निघत नाही.

ती आमच्या जुन्या ट्रकची गोष्ट आहे. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये दात्यांची दोन चाकं असतात, त्यांची. ज्याला यातलं काही कळत नाही त्यालाही कळेल अशी सांगतो. पोरीच्या आईलाही सुरुवातीला यातलं काही कळत नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आमची वस्ती मिरजगावपासून कोसभर आत, रानात. शेजार म्हणजे दोन बांध ओलांडून एक घर. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि अजून पोर नव्हतं. माझी आई आदल्या वर्षी गेली. म्हणजे मी ट्रक घेऊन बाहेर पडलो की घरात बायको आणि एक शेळी. ट्रकवर पाण्याची टाकी बसवली होती. खडी फोडायची कामं जिथं चालायची तिथं आणि आडवळणाच्या वाड्यांवर मी पाणी नेऊन टाकायचो. रस्ते कसले, बैलगाडीच्या चाकोऱ्या. मधे खडक वर आलेले. ट्रकचं पोट घासायचं. एकदा इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर फुटलं आणि मी पाच मैल चालत आलो.

मग मी गाडी उंच केली. नगरला मिलिटरीचा जुना माल लिलावात निघायचा, त्यातले मोठे टायर आणले. चारी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. गाडी चांगली वीतभर वर गेली. मला लई अभिमान वाटला. ती दारातून बघत म्हणाली, "आता चढायला शिडी बी आना म्हंजे झालं."

अभिमान दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सीना नदीच्या पात्रातून भरल्या टाकीनं वर येताना गाडी मधेच थांबली. पहिला गियर टाकला तरी हालेना. क्लच जळाल्याचा वास सुटला. अर्धी टाकी वाळूत सोडून दिली तेव्हा कुठं गाडी वर आली. पाण्यासाठी बाया दीड-दीड मैल चालत होत्या त्या साली, आणि मी पाणी वाळूला पाजलं. कुणी बघितलं नाही हे बरं झालं.

नगरला माझा एक ओळखीचा मिस्तरी होता. म्हातारा, पांढरी दाढी, हात कायम ऑईलनं काळे. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी गाडी त्याच्या दारात लावली. त्यानं टायरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बैल तेच ठेवले आन मोट मोठी केली व्हय रे?" म्हणाला. "मंग वडणार कशी?"

मोटेचं उदाहरण लगेच डोक्यात शिरलं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, पण तेवढा जोर इंजिनानं आणायचा कुठून? उपाय एकच. मागच्या एक्सलमध्ये एक लहान दात्यांचं चाक असतं, इंजिनाकडून येणारा लांब दांडा ते फिरवतो. ते लहान चाक मोठ्या चाकाला फिरवतं, आणि त्या मोठ्या चाकावर गाडीची चाकं फिरतात. लहान चाकाला दाते कमी असले तर दांड्याला जास्त फेरे घ्यावे लागतात, गाडी हळू चालते, पण ओढते. दाते जास्त असले तर पळते, पण चढावर मरते. उस्तादकडं सहा-एक्केचाळीसची जोडी पडून होती. लहानाला सहा दाते, मोठ्याला एक्केचाळीस.

"ही टाकली तर झाडावर बी चढंल," तो म्हणाला. "पन डांबरी सडकंवर तुला सायकलवाला मागं टाकंल. ओढ पायजे का पळ पायजे, ते घरी जाऊन ठरव. दोन्ही एका गाडीत बसत न्हाईत. आन तुझ्या गाडीत आत्ता काय हाय ते मोजून आन, उगं उघडून बघायला लावू नको."

मोजायचं कसं तेही त्यानंच सांगितलं. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून उचलायची. चाकाला खडूची खूण, दांड्याला खडूची खूण. चाकं हातानं दहा फेरे फिरवायची आणि तेवढ्यात दांडा किती वेळा फिरतो ते मोजायचं.

घरी आल्यावर जॅक लावला, धोंडे लावले, एकेक करत दोन्ही चाकं उचलली. एका चाकाला मी, दुसऱ्याला शेजारचा गडी. दोघांनी बरोबर फिरवायची. खाली झोपून दांडा कोण मोजणार? ती म्हणाली, मी मोजते. गोणपाट अंथरलं, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि सरळ ट्रकखाली गेली. रेशनची लाल मिलो ज्वारी मुठीत घेतली आणि शेजारी पितळी ठेवली. खूण वर आली की एक दाणा पितळीत.

"बोटावर मोज की," मी म्हणालो.

"बोटं दहाच हायत. तुमाला जास्ती हायत का?"

दहा फेऱ्यांना अठ्ठावन्न दाणे भरले, आणि वर अर्ध्याहून थोडा जास्त फेरा. म्हणजे सात-एक्केचाळीस. मी तिला समजावून सांगितलं. दाणे जितके जास्त तितकी ओढ जास्त. उस्तादची जोडी टाकली तर अडुसष्ट भरतील. दाणे कमी झाले तर पळ वाढली. तिनं मान हलवली. एकदा सांगितलेलं ती विसरत नसे.

आता खरी गोष्ट. नगरच्या एका मालवाहतूकवाल्यानं मला मुंबईच्या फेऱ्यांचं विचारलं होतं. मोठे टायर आणि जुनी जोडी, डांबरी सडकेवर माझी गाडी वाऱ्यासारखी गेली असती. पण एक फेरा म्हणजे तीन-चार दिवस बाहेर. सहा दातेवाली जोडी टाकली तर मुंबई विसरायची, आयुष्यभर तालुक्यातच फिरायचं. मी जेवताना तिला दोन्ही सांगितलं. वाटलं, ती म्हणेल जा मुंबईला, चार लोकांत नाव होईल.

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"मला एकटीला हितं भ्या वाटतं," म्हणाली. "शेळी बोलत न्हाई. दिवं लागायला घरी येत जा, दुसरं मला काय बी नगं."

सात वर्षांत तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी "बरं" म्हणालो.

नगरला गेलो, उस्तादकडं गाडी टाकली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी परत आलो. दारातच तिला सांगितलं, "बदललं. ओढीचंच टाकलं." ती खूष झाली. त्या दिवशी पिठल्याला लसणाची फोडणी होती.

सकाळी तिचा भाऊ आला. तिचं माहेर श्रीगोंद्याकडच्या एका माळावर, मुरमाड चढाच्या टोकाला पंधरा घरांची वाडी. भाऊ तिच्याहून लहान, अंगानं दांडगा, पण डोक्यानं सरळ. मी ट्रक दारात ठेवून गावात दाढी करायला गेलो. दोन तासांनी आलो तर दोघंही ओट्यावर गप्प बसलेली. तिच्या साडीला माती. पुढ्यात पितळी.

"मोजलं मी," ती म्हणाली.

"काय मोजलं?"

"तुमचं ओढीचं. यानं चाक फिरवलं, मी खाली झोपले. दहा फेऱ्यांला चौतीस भरलं."

"चौतीस कसं भरंल? अडुसष्ट भराय पायजे."

"मोजा की मंग. ही काय पितळी." तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "अठ्ठावनाचं चौतीस केलंत. म्हंजे पळ वाढवून आनली. मला तोंडावर सांगायचं तरी, मुंबईला जातो म्हनून. मी काय पाय धरले असते का?"

मेहुणा म्हणाला, "दाजी, तायडी मोजन्यात चुकत न्हाई. ल्हानपनी आमची मेंढरं तीच मोजायची."

मी विचारायला हवं होतं, कसं मोजलं, गाडी कशी उचलली. माणूस एवढं तरी विचारतो. मी ते विचारलंच नाही. माझ्या पाठीमागं माझ्या गाडीखाली झोपून माझी चौकशी करते, तीही भावाला घेऊन, याचाच मला राग आला. मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "एवढा भाऊ खरा वाटतो ना, मग जा त्याच्यासंगं."

तिनं पितळी उंबऱ्यावर ठेवली, लुगडी बांधली आणि गेली. शेळीची दोरी शेजाऱ्याच्या दावणीला बांधून गेली, तेवढं मात्र विसरली नाही.

पितळीतले दाणे मी मोजले. चौतीस.

दोन दिवस गाडी चालवली. गाडी ओढत होती, मला कळत होतं. पात्रातून भरल्या टाकीनं वर आली. पण चौतीसही खोटे नव्हते, कारण ती खरंच मोजण्यात चुकत नव्हती. मला वाटलं उस्तादनंच कायतरी घोळ केला. तिसऱ्या दिवशी नगरला जाऊन त्याच्यावर चढलो. पितळीचा सगळा किस्सा सांगितला.

तो लुंगीला हात पुसत ऐकत होता. मग एकच विचारलं, "चाकं किती उचलली हुती?"

"उचलली असतील की."

"चाक फिरवायला मानूस किती?"

"एक. मेहुणा."

"मंग एकच चाक उचललं असंल." आणि तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. "अरे, एक चाक जमिनीला धरून बसलं की दुसऱ्याला एका फेऱ्याच्या जागी दोन फिरावं लागतं. आतली रचनाच तशी हाय. वळनावर भाईरचं चाक जास्ती पळतं, आतलं कमी, त्यासाठीच केलीया ती. चौतीसाची दुप्पट कर."

अडुसष्ट. दहा वर्षं गाडी चालवत होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"बाईनं बरोबर मोजलं," उस्ताद म्हणाला. "नुसतं एक चाक उचलायचं ऱ्हायलं. तू तर ते बी मोजलं न्हाईस, बायको तेवढी घालवलीस. जा, आन तिला."

मी गेलो नाही. का गेलो नाही याचं उत्तर तेव्हा मी असं देत होतो, की चूक तिची, यायचं तर तिनं यावं. असे तीन आठवडे काढले.

त्या तीन आठवड्यांबद्दल काय लिहू? गाडी हळू, फेऱ्या जवळच्या. रोज दिवे लागायच्या आत मी घरी. तिनं मागितलं होतं तसंच अगदी. दार उघडायचं, चिमणी लावायची, कामावर मिळालेली सुकडी पाण्यात कालवून खायची आणि बसायचं. रेडिओ नव्हता. शेळी शेजाऱ्याकडं. इतकी शांतता की माझ्याच दाढीचा हाताला होणारा आवाज ऐकू यायचा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी आई गेल्यापासून ती या घरात काय ऐकत बसायची. पितळी उंबऱ्यावरून उचलून फळीवर ठेवली, दाण्यांसकट.

चौथ्या आठवड्यात पाण्याच्या वाड्यांची नवी यादी आली. तीत तिच्या माहेरची वाडी होती. तिथली विहीर आटली होती आणि आधीचे दोन ट्रकवाले तो चढ बघून खालूनच परत फिरले होते. बाया खाली उतरून हंडे वर नेत होत्या. यादीत ती वाडी वाचल्यावर मी लगेच हो म्हणालो.

चढ खालून भिंतीसारखा दिसत होता. टाकी गच्च भरलेली. पहिला गियर टाकला आणि पाय स्थिर ठेवला. गाडी माणसाच्या चालीनं चालत होती, खरं तर त्याहून हळू. मुरूम चाकाखालून मागं उडत होता. इंजिन एकसारखं घुमत होतं, आणि मी आयुष्यात इतका वेळ श्वास रोखला नसेल. पण थांबली नाही. वर आलो तेव्हा सगळी वाडी हंडे घेऊन उभी. मेहुणा पुढं धावत आला.

"दाजी! चढली की वो!"

ती रांगेत होती. डोक्यावर पदर, हातात हंडा, नजर टाकीवर. माझ्यावर नाही. मी तोटी सोडली, पाणी वाटलं. तिची पाळी आली तेव्हा तिचाही हंडा भरला. टाकी रिकामी झाल्यावर मी जॅक काढला.

"दोन्ही चाकं उचलायची," मेहुण्याला म्हणालो. "एकाला तू, एकाला मी. आन तुझ्या बहिनीला म्हनावं, मोज आता."

लोक गोळा झाले. एक म्हातारी विचारत होती, काय बिघडलंय? कुणीतरी म्हणालं, नवरा-बायकोचं बिघडलंय, गाडी नीट हाय. सगळे हसले. ती हसली नाही. हंडा बाजूला ठेवला, काष्टा घट्ट केला आणि खाली गेली. दाणे कुठले, त्या वाडीत दाणा मौल्यवान. तिनं ओटीत मुरमाचे खडे घेतले.

दहा फेरे झाले. ती ट्रकखालून लवकर बाहेर येईना. पुन्हा मोजत होती. मग आतूनच आवाज आला, "अडुसष्ट."

बाहेर आली. कपाळाला ऑईल लागलं होतं. मी एक चाक आणि दोन चाकांचं सांगितलं, उस्तादनं सांगितलं तसं. तिनं ऐकून घेतलं.

"मंग त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

"मलाच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं आन वरडत हुता?" म्हणाली. मग खाली बघून, "माजं चुकलं. मी तुमाला लबाड समजले."

त्याच दिवशी ती माझ्याशेजारी सीटवर बसून घरी आली. दोन वर्षांनी पोरगी झाली.

मुंबईचं काम दुसऱ्याला गेलं. त्याच्या पुढं चार गाड्या झाल्या. मी शेवटपर्यंत तालुक्यात वाळू, वीट आणि ऊस ओढत राहिलो, आणि सडकेवर खरंच सगळे मला मागं टाकून जायचे. दिवे लागायला घरी यायचो, पण कधी कधी तोंड पाडून बसायचो, आणि ती का ते ओळखायची. आणि एक वाईट खोड लागली मला. ती माझ्या कुठल्याही गोष्टीवर शंका घ्यायला लागली, की मी नुसतं म्हणायचो, "चौतीस!" ती लगेच गप्प व्हायची. भाजीत मीठ असो, नातेवाइकांचं काही असो, माझं चुकलेलं असो. चौतीस म्हटलं की संपलं. पंचेचाळीस-पन्नास वर्षं मी तो शब्द वापरला.

आता जे वर लिहिलं नाही ते लिहितो. नगरला उस्तादकडं गाडी टाकली त्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो, "राहू द्या जुनंच. घरी सांगतो बदललं म्हणून." मुंबई माझ्या डोक्यातून गेली नव्हती. मी तिला फसवणारच होतो, वाटेवरच ठरवलं होतं. उस्ताद पान जुळवता जुळवता म्हणाला, "मोजलं कुनी म्हनलास?" मी म्हणालो, घरच्यांनी. "मंग ती परत मोजंल की." तेवढ्यानं मी घाबरलो. म्हणालो, टाका सहाची जोडी.

म्हणजे मी ती जोडी तिच्यासाठी टाकली नाही. पकडला जाईन म्हणून टाकली. आणि ती म्हणाली मी फसवलं, तेव्हा मला एवढा राग आला तो यामुळंच. तिनं चाक चुकीचं उचललं होतं, माणूस बरोबर ओळखला होता. अख्ख्या वाडीसमोर अडुसष्ट भरल्यावर ती म्हणाली माझं चुकलं, आणि मी ते घेतलं. गप्प बसून घेतलं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती फार बोलत नव्हती. एका दुपारी एकदम म्हणाली, "दुसरं चाक बी उचलाय पायजे हुतं मी. उगं तुमाला लबाड ठरवलं."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पोरगी शेजारी सफरचंद कापत होती. मी म्हणालो, "झोप आता." तिनं डोळे मिटले. चौथ्या दिवशी गेली.

ट्रक केव्हाच भंगारात गेला. दिवे लागायला मी आता घरीच असतो, जायचंय कुठं? बटण दाबलं की दिवा लागतो. काल सहज म्हणून मोठ्यानं म्हणून बघितलं, "चौतीस." कुणी गप्प झालं नाही, कारण घर आधीच गप्प होतं.

पोरगी ही वही वाचेल तर वाचो. मला हे हिच्या आईला सांगायचं होतं.